बुटीक हॉटेलांना 'पिच' पाठवण्याचा तयार संच : पत्र मिळणाऱ्याच्या बाजूने केलेले परीक्षण

समाजमाध्यमांवरील इन्फ्लुएन्सरांनी प्रायोजित मुक्कामासाठी, म्हणजे प्रसिद्धीच्या बदल्यात मोफत राहण्यासाठी, हॉटेलांना प्रस्ताव ('पिच') कसा पाठवावा, हे शिकवणारे तयार संच आता ऑनलाइन सर्रास विकले जातात. ईमेलचे मसुदे, कॅनव्हा या ऑनलाइन रचना-साधनात आपली माहिती भरून तयार करायची मीडिया किट (आपले काम आणि प्रेक्षक यांची ओळख करून देणारी पत्रिका), हॉटेलांच्या संपर्कांची यादी, मोबदला ठरवण्याचा तक्ता, कराराचा नमुना आणि मुक्कामानंतर पाठवायच्या अहवालाचा साचा, असा सगळा ऐवज एकाच डाउनलोडमध्ये हाती येतो. त्यांपैकी एक संच मी विकत घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. मी एका लहान बुटीक (मोजक्या खोल्यांच्या, स्वतःची वेगळी रचना असलेल्या) हॉटेलच्या प्रसिद्धीचे आणि आरक्षणाच्या पत्रव्यवहाराचे काम पाहते. अशा संचांतून तयार झालेली पत्रे रोजच्या कामात माझ्यासमोर येत असतात, त्यामुळे हे परीक्षण पत्र मिळणाऱ्याच्या बाजूने लिहिले आहे. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण मी पाहिलेल्या अशा संचांची घडण जवळपास सारखीच आहे आणि पुढे मांडलेले गुणदोष त्यांतील बहुतेकांना लागू पडतात.

मत आधीच सांगते. या संचातील करार आणि अहवालाचा साचा यांची मी मनापासून शिफारस करते, मीडिया किट थोडी डागडुजी केल्यास वापरण्याजोगी आहे, आणि ज्यांच्यासाठी बहुतेक जण हा संच घेतात ते ईमेलचे मसुदे मात्र जसेच्या तसे कधीही पाठवू नयेत. संचाची सगळी मांडणी 'मला काय मिळेल' या प्रश्नाभोवती फिरते. होकार की नकार हे मात्र त्या आठवड्यात हॉटेलला कशाची गरज आहे यावर ठरते.

पहिला मसुदा साधारण असा आहे : "नमस्कार टीम, मी ट्रॅव्हल क्रिएटर असून तुमच्या सुंदर प्रॉपर्टीच्या मी अक्षरशः प्रेमात पडले आहे. माझ्या प्रेक्षकांनाही ती नक्की आवडेल. दोन रात्रींच्या मोफत मुक्कामाच्या बदल्यात मी एक रील आणि पाच स्टोरी देईन. आपण सोबत काम करू या का?" या पत्रात हॉटेलविषयी एकही गोष्ट नाही. हॉटेलचे नाव काढून दुसरे घातले तरी पत्राला काहीही फरक पडत नाही, आणि अनेकदा ते नाव वेगळ्या आकाराच्या अक्षरांत चिकटवलेले दिसते तेव्हा वाचणाऱ्याला ते लगेच कळते. त्याहून मोठी उणीव म्हणजे पत्रात तारखा नाहीत. प्रस्ताव हाती आल्यावर मी सर्वप्रथम आरक्षणाचे कॅलेंडर उघडते; तारीखच नसेल तर मला पाहता येईल असे काहीच उरत नाही, आणि उलट विचारणा करण्याचे काम माझ्यावर येऊन पडते. गर्दीच्या दिवसांत ती विचारणा होत नाही, पत्र तसेच खाली सरकत जाते.

लहान हॉटेलात स्वतंत्र जनसंपर्क विभाग नसतो, हेही मसुदे लिहिणाऱ्याने लक्षात घेतलेले दिसत नाही. पत्र वाचणारी व्यक्ती बहुधा मालक किंवा व्यवस्थापक असते, आणि तीच व्यक्ती पाहुण्यांच्या खोलीतील गळका नळही दुरुस्त करून घेत असते. ती पत्र फोनवर वाचते, म्हणजे पहिल्या तीन-चार ओळींतच आपण कोण, कोणत्या तारखांना येऊ इच्छितो आणि काय तयार करून देणार, हे आले पाहिजे. इन्स्टाग्रामवर थेट संदेश पाठवण्याचा संचातील सल्लाही मला पटला नाही. तिथे पाहुण्यांच्या दरविषयक चौकश्यांच्या ढिगात प्रस्ताव बुडून जातो. ईमेल मात्र मालकाकडे पुढे पाठवता येतो आणि जुना धागा शोधताही येतो. थेट संदेशाचा उपयोग 'प्रसिद्धीविषयी कोणत्या पत्त्यावर लिहावे' एवढे विचारण्यापुरता करावा.

चांगले पत्र कसे असते, याचे एक उदाहरण माझ्या नजरेसमोर आहे. एका लेखिकेने आमच्या संकेतस्थळावरील आणि इन्स्टाग्रामवरील सगळी छायाचित्रे बारकाईने पाहून लिहिले होते की, बहुतेक छायाचित्रे दिवसाची आहेत, संध्याकाळी दिवे लागल्यानंतरचे अंगण कुठेच दिसत नाही, वरच्या मजल्यावरच्या वाचनाच्या खोलीचा एकच जुना फोटो आहे आणि फाटकापासून खोलीपर्यंतची वाट दाखवणारा उभा व्हिडिओ तर एकही नाही. या तिन्ही गोष्टी टिपून देण्याची तयारी तिने दाखवली होती, बिगरहंगामातील सोमवार ते गुरुवार या काळातील तारखांचे पर्याय दिले होते, आणि दुसऱ्या दोन लहान हॉटेलांसाठी केलेल्या रील्सच्या दुव्यांसोबत त्या किती जणांनी सेव्ह केल्या हेही लिहिले होते. तिचे फॉलोअर मोजके होते. तरीही तिच्या पत्रावर निर्णय घ्यायला आम्हाला फार वेळ लागला नाही, कारण आमचे अर्धे काम तिनेच करून ठेवले होते. संचात याला समांतर असे एकही पान नाही. 'हॉटेलचे कौतुक करून सुरुवात करा' असे तो सांगतो. हॉटेलचे संकेतस्थळ उघडून त्यात काय कमी आहे ते पाहा, असे कुठेही सांगत नाही.

बुटीक हॉटेल आणि मोठ्या साखळीतील हॉटेल यांना एकच पत्र पाठवता येते, असे हा संच गृहीत धरतो. हे गृहीतकच चुकीचे आहे. इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन्स हे हॉटेल सुरू केले, तेव्हापासून या प्रकारच्या हॉटेलांचे सगळे आकर्षण त्यांच्या वेगळेपणात राहिले आहे : प्रत्येक इमारतीची स्वतःची रचना, प्रत्येक खोलीचा वेगळा स्वभाव, मोजक्या खोल्या. म्हणून 'एक खोली' मागून भागत नाही. कोणती खोली आणि का, हे सांगावे लागते, कारण कोपऱ्यातल्या खोलीत सकाळचा उजेड येतो आणि मागच्या खोलीत येत नाही, हा फरक चित्रीकरणासाठी फार महत्त्वाचा असतो.

शिवाय इथे साधा हिशेब आहे. शंभर खोल्यांच्या हॉटेलात एक खोली दिली तर त्या रात्रीच्या साठ्यापैकी एक टक्का जातो. दहा खोल्यांच्या हॉटेलात दहा टक्के जातो. हंगामातील शनिवारी ती खोली नक्की विकली गेली असती, म्हणजे मोफत मुक्कामाची किंमत पूर्ण भाड्याइतकी होते. बिगरहंगामातील मंगळवारी तीच खोली रिकामी राहणार असेल, तर खर्च साफसफाई, चादरी-टॉवेलांची धुलाई, वीज आणि नाश्ता एवढाच येतो. संचातील मोबदल्याचा तक्ता हा भेद करतच नाही. त्यात फॉलोअरांची संख्या भरली की किती रात्री मागायच्या ते आपोआप उमटते. महिना कोणता, वार कोणता, याला त्यात जागा नाही. मला हा तक्ता संचातील सर्वांत दिशाभूल करणारा भाग वाटतो, कारण नवख्या माणसाला तो आपला हक्क ठरवून देतो आणि नकार आला की अपमान झाल्यासारखे वाटू लागते.

त्याऐवजी तक्त्यात वेगळे गणित हवे होते. ऑनलाइन बुकिंग कंपन्या सर्वसाधारणपणे भाड्याच्या १५ ते २५ टक्के कमिशन घेतात. खोलीचे भाडे १०० धरले, तर अशा कंपनीमार्फत आलेल्या आरक्षणातून हॉटेलच्या हाती ७५ ते ८५ पडतात, आणि पाहुण्याने थेट हॉटेलकडे आरक्षण केले तर ते सगळे १०० मिळतात. समजा, रिकाम्या काळातील दोन रात्रींच्या मुक्कामासाठी हॉटेलला प्रत्यक्षात ५० खर्च आला. मग त्या रीलमुळे कंपनीकडे वळणाऱ्या दोन ते चार रात्री थेट हॉटेलच्या संकेतस्थळावर आल्या, तरी तो खर्च वसूल होतो. जो इन्फ्लुएन्सर आपल्या पत्रात 'मी थेट आरक्षणाचा दुवा आणि माझ्या नावाचा सवलत-कोड वापरेन, म्हणजे किती आरक्षणे आली ते तुम्हाला मोजता येईल' असे लिहितो, तो मालकाच्या मनातल्या प्रश्नाला हात घालतो. मालकाला 'रीच' (पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली) या आकड्याशी फारसे देणेघेणे नसते. कमिशन किती वाचले हे त्याला दर महिन्याच्या हिशेबात दिसते.

संचाच्या प्रस्तावनेत 'निर्धास्तपणे मागा, फार तर नाही म्हणतील' असे वाक्य ठळक अक्षरांत छापले आहे. हे इतके सोपे नाही. २०१८ च्या जानेवारीत एका यूट्यूबरने डब्लिनमधील एका हॉटेलकडे व्हिडिओच्या बदल्यात मोफत मुक्काम मागितला होता. मालकाने नाव झाकून ते पत्र समाजमाध्यमावर टाकले आणि खोली साफ करणाऱ्यांचे, वाढणाऱ्यांचे पगार मग कोण देणार, असे जाहीरपणे विचारले. ती यूट्यूबर कोण हे लोकांनी लगेच शोधून काढले, तिच्यावर शिव्यांचा भडिमार झाला आणि पुढे हॉटेलच्या वाट्यालाही तेच आले. खासगी पत्र असे चव्हाट्यावर आणणे मला मुळीच मान्य नाही. मालकाचा प्रश्न मात्र रास्त होता, आणि प्रत्येक प्रस्तावात त्याचे उत्तर आधीच लिहिलेले असावे असे मला वाटते. नाश्त्याव्यतिरिक्तचे जेवण आम्ही स्वतः भरू, सोबतच्या व्यक्तीचा जादा खर्च आमचा, कर्मचाऱ्यांची टीप आमच्याकडून, अशा दोन ओळी पत्रात असल्या की वाचणाऱ्याच्या मनातली अढी बरीचशी निघून जाते.

मीडिया किटची रचना सुबक आहे. दोन पानांत मावते, फोनवर नीट उघडते आणि कामाचे नमुने दाखवायला पुरेशी जागा ठेवते. दोष असा की, पहिल्या पानाचा निम्मा भाग फॉलोअरांच्या आकड्याने व्यापला आहे. मला आधी कळायला हवे असते ते हे की प्रेक्षक कुठले आहेत. दूरच्या देशांत विखुरलेल्या दोन लाख फॉलोअरांपेक्षा, आमच्याकडे गाडीने सहज येऊ शकतील अशा शहरांत राहणारे आठ हजार फॉलोअर आम्हाला अधिक उपयोगी पडतात. एक हजार ते दहा हजार फॉलोअर असलेल्यांना व्यवसायात 'नॅनो' म्हणतात, आणि लहान हॉटेलांसाठी हा गट मुळीच दुय्यम नाही. म्हणून इन्स्टाग्रामच्या इनसाइट्स या आकडेवारीच्या विभागातील शहरवार आणि वयोगटवार विभागणीचे ताजे स्क्रीनशॉट, सेव्ह आणि शेअरची संख्या, दुव्यावर झालेले क्लिक, हे सगळे किटमध्ये पुढे आणावे. लाइक आणि कमेंट यांवरून काढलेली एंगेजमेंटची, म्हणजे प्रेक्षकांच्या प्रतिसादाची, टक्केवारी बक्षिसांच्या स्पर्धांनी किंवा एकमेकांच्या पोस्टवर ठरवून कमेंट करणाऱ्या गटांनी सहज फुगवता येते, हे आता हॉटेलवालेही ओळखून आहेत.

देऊ केलेल्या कामाच्या यादीत स्टोरींवर अवाजवी भर आहे. स्टोरी चोवीस तासांत नाहीशी होते. ती प्रोफाइलवर टिकून राहणाऱ्या हायलाइटमध्ये ठेवली नाही तर हॉटेलच्या हाती काहीच राहत नाही. यूट्यूबवरचा व्हिडिओ, ब्लॉगवरचा लेख किंवा पिंटरेस्टवरची चित्रे शोधयंत्रातून वर्षानुवर्षे सापडत राहतात, आणि २०२१ पासून इन्स्टाग्रामवर दोन खात्यांच्या नावाने एकच पोस्ट टाकण्याची सोय आहे, जिच्यामुळे रील हॉटेलच्या खात्यावरही कायम दिसते. या पर्यायांचा संचात ओझरता उल्लेख आहे.

संपर्कांच्या यादीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बरेचसे पत्ते 'इन्फो' किंवा 'रिझर्व्हेशन' अशा सामाईक स्वरूपाचे आहेत, जे कोणालाही संकेतस्थळावर मिळतील, आणि संच घेणारा प्रत्येक जण त्याच हॉटेलांना लिहीत असल्यामुळे त्या हॉटेलांचे कान आधीच किटलेले असतात.

खरी काळजी वाटावी असा भाग वेगळाच आहे. एका मसुद्यात मोफत मुक्कामाच्या बदल्यात 'गूगल आणि ट्रिपॅडव्हायझरवर पंचतारांकित अभिप्राय' देऊ केला आहे. या दोन्ही ठिकाणी मोबदला घेऊन लिहिलेल्या अभिप्रायांना त्यांच्या स्वतःच्या नियमांनुसार मनाई आहे, आणि ते उघडकीस आले तर त्याचा फटका प्रामुख्याने हॉटेलला बसतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताचे रक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये केलेल्या नियमानुसार तर, अमुक सुराचा अभिप्राय लिहिण्याच्या अटीवर मोबदला देणे व्यवसायांना निषिद्ध आहे. असा प्रस्ताव पाठवणारी व्यक्ती आपण हॉटेलला काहीतरी चांगले देत आहोत या समजुतीत असते, आणि जागरूक व्यवस्थापक तेवढ्यावरूनच तिला बाजूला ठेवतो. या मसुद्याबद्दल विक्रेत्याला मी कळवले आहे. हे परीक्षण लिहीपर्यंत तो बदललेला नाही.

प्रायोजकत्व जाहीर करण्याविषयीचे पानही असेच निष्काळजीपणे लिहिलेले आहे. पोस्टच्या शेवटी, इतर हॅशटॅगच्या गर्दीत, 'एसपी' ('स्पॉन्सर्ड'चे लघुरूप) किंवा 'कोलॅब' असा शब्द टाकला तरी चालतो, असे त्यात म्हटले आहे. याच फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी काढलेल्या पुस्तिकेत नेमके हेच संदिग्ध शब्द टाळायला सांगितले आहेत, आणि खुलासा सहज नजरेस पडेल अशा जागी, व्हिडिओ असेल तर व्हिडिओतच, करायला सांगितला आहे. पैसे न घेता केवळ मोफत मुक्काम घेतला तर खुलाशाची गरज नाही, हा समजही खोटा आहे. मोफत मिळालेली वस्तू किंवा सेवा हाही मोबदलाच धरला जातो. भारतात केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर सहली आणि हॉटेलमधील मुक्काम यांचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. इन्स्टाग्रामचे 'पेड पार्टनरशिप' हे लेबल लावायला काही क्षण लागतात. त्याने पोस्टची विश्वासार्हता कमी होते अशी भीती संचात व्यक्त केली आहे. पण लेबल लावून केलेल्या पोस्टमधून आमच्याकडे आलेले पाहुणे मनात कोणताही संशय न ठेवता येतात, हे मी पाहिले आहे, आणि स्वतःहून लेबलचा विषय काढणाऱ्या इन्फ्लुएन्सरबद्दल माझे मत पहिल्याच पत्रात चांगले होते.

करार मात्र खरोखर कष्टाने तयार केलेला आहे, आणि केवळ त्यासाठी हा संच घेतला तरी पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. सोपी भाषा, मोजकी कलमे आणि दोन्ही बाजूंना समान संरक्षण, हे तिन्ही गुण त्यात आहेत. काय आणि किती तयार करायचे, कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, हॉटेलने प्रकाशनापूर्वी फक्त वस्तुस्थितीच्या चुका दुरुस्त करायच्या की मजकुरावर मत द्यायचे, मुक्काम रद्द झाल्यास काय, सोबत कोण येणार, हे सगळे त्यात स्वतंत्रपणे नोंदवले आहे. इन्फ्लुएन्सरचे मत त्याचे स्वतःचे राहील आणि गंभीर तक्रार असेल तर ती आधी हॉटेलला कळवली जाईल, हे कलम मला विशेष आवडले, कारण त्याने प्रामाणिकपणाही राहतो आणि हॉटेलला चूक सुधारण्याची संधीही मिळते.

छायाचित्रांच्या वापराच्या हक्कांवर कराराने घेतलेली मेहनत तर वाखाणण्याजोगी आहे. हॉटेल ती छायाचित्रे स्वतःच्या समाजमाध्यमांवर वापरू शकेल, की संकेतस्थळावर, की पैसे भरून केलेल्या जाहिरातींतही, आणि किती महिने, याचे वेगवेगळे पर्याय दिले आहेत. हा फरक समजून न घेता अनेक जण 'सगळे हक्क तुमचे' असे लिहून मोकळे होतात, आणि मग आपला चेहरा जाहिरातीत वर्षभर फिरताना पाहून दुखावतात. छायाचित्रांचा वापरहक्क हीच अनेकदा लहान हॉटेलच्या दृष्टीने प्रस्तावातील सर्वांत मौल्यवान गोष्ट असते, कारण व्यावसायिक छायाचित्रकाराला बोलावणे त्याला दरवर्षी परवडत नाही. तेव्हा तो जपून आणि मुदतीसह द्यावा.

करारात एका कलमाची भर मी सुचवेन, आणि ती संगीताविषयी आहे. रीलवर लावलेले लोकप्रिय गाणे वैयक्तिक वापरापुरते परवानगीचे असते. तीच रील हॉटेलने प्रसिद्धीसाठी वापरली की परवान्याचा प्रश्न उभा राहतो. २०२४ च्या मे महिन्यात सोनी म्युझिकने मॅरियट इंटरनॅशनलविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल केला, त्यात समाजमाध्यमांवरील पोस्टमध्ये परवानगीशिवाय संगीत वापरल्याचा आरोप होता आणि इन्फ्लुएन्सरांनी केलेल्या पोस्टचाही त्यात समावेश होता. एवढ्या मोठ्या साखळीवर ही वेळ येऊ शकते, तर दहा खोल्यांच्या हॉटेलाने परवाना असलेले संगीत किंवा जागेचा मूळ आवाज असलेली वेगळी प्रत मागणे रास्तच आहे. ती प्रत आपणहून देऊ करणारा प्रस्ताव आजवर क्वचितच आला आहे, म्हणून तो उठून दिसतो.

उत्तर न आल्यास आठवण कधी करावी, याबाबत संच तीन दिवसांनी आणि मग पुन्हा दोन दिवसांनी असे सांगतो. हे फार घाईचे आहे. आठवडाभराने एक नम्र आठवण पुरे, आणि तीही मूळ पत्राच्याच धाग्यात, नव्या तारखांसह करावी.

ज्यांनी अजून एकही प्रस्ताव लिहिलेला नाही त्यांना कामाच्या सगळ्या टप्प्यांची ओळख या संचातून होईल. ज्यांना पत्रे लिहिण्याची सवय आहे त्यांनी करार आणि अहवाल वेगळे मिळत असतील तर तेवढेच घ्यावेत. अहवालाचा साचा एका पानाचा आहे आणि तो मुक्कामानंतर तीस दिवसांनी पाठवायचा आहे : पोस्टचे दुवे, किती जणांनी पाहिले, सेव्ह किती, दुव्यावरचे क्लिक किती, प्रेक्षकांनी विचारलेले नेहमीचे प्रश्न कोणते. हा शेवटचा रकाना ज्याने सुचवला त्याला पर्यटन व्यवसाय कळतो, कारण 'इथे लहान मुले चालतात का', 'गाडी कुठे लावायची' असे प्रश्न वाचून आम्ही आमच्या संकेतस्थळावरची माहिती सुधारली आहे. साच्यात एकच उणीव आहे : सवलत-कोडवरून झालेल्या आरक्षणांचा रकाना नाही. तो आकडा हॉटेलकडेच असतो, म्हणून अहवाल पाठवताना ती ओळ आपण जोडून रिकामी ठेवावी आणि हॉटेलला भरायला सांगावी. ती भरली गेली की पुढच्या हंगामातील मुक्कामाची, आणि या वेळी मानधनासह, बोलणी त्याच धाग्यात सुरू करता येतात.